मदत हवी आहे: मॉडेल रॉकेटची बॉडी ट्यूब उभी चिरली, रविवारी परत उडवायचंय

गुडघ्याला_बाशिंग
मिड-पॉवरचं, म्हणजे मध्यम ताकदीच्या मोटरचं, पहिलंच किट. रॉकेट वर गेलं, पॅराशूटही उघडलं, पण हातात आलं तेव्हा ट्यूब तोंडापासून ११ सेंमी उभी चिरलेली. सुरी फिरवावी तशी, आणि चिरेच्या तळाशी शॉक कॉर्ड (पॅराशूट ट्यूबला बांधणारी दोरी) रुतून बसलेली. ट्यूबच तकलादू आहे का? बाहेरून फायबरग्लास गुंडाळू का? लवकर सांगा.

काटकोन
याला झिपर म्हणतात. मोटर कुठली? वजन? उडवायचा रॉड केवढा? वारा किती?

गुडघ्याला_बाशिंग
एफ मोटर. वारा होता थोडाफार. मी ट्यूबबद्दल विचारलंय हो.

काटकोन
एफ म्हणजे मोटरचा एकूण रेटा ४० ते ८० न्यूटन-सेकंद यातलं काहीही. पुढचे आकडे सांगा.

डिंक
फायबरग्लास नको. चिरलेला भाग कापून कपलरने (आत बसणारी जोडनळी) नवा तुकडा जोडा, तोंडाला आतून पातळ सुपरग्लू जिरवा. बाकी फिन (शेपटीचे पंख) कशाने चिकटवल्यात? पुठ्ठा आणि प्लायवूडला सुतारकामाचा गोंद पुरतो. जोडाआधी कागद फाटतो.

निवांत
गोंदावर मिड-पॉवर? मी इपॉक्सीशिवाय फिनला हात लावत नाही. आजवर एक निखळली नाही.

डिंक
निखळेल कशी, वरवंटा उडवता तुम्ही.

भोचक
पॅराशूटची घडी घालताना टाल्कम पावडर भुरभुरावी. थंडीत प्लास्टिक चिकटून बसतं, उघडतच नाही.

गुडघ्याला_बाशिंग
@भोचक पॅराशूट उघडलं! पहिल्याच ओळीत लिहिलंय.
@काटकोन घ्या आकडे. एफ१५-८. शेवटचा आकडा डिलेचा, म्हणजे पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद. -४ पण मिळत होती, पण म्हटलं उडाल्यापासून ८ सेकंद मिळाले तर आरामात वर पोचेल. आत्ता काट्यावर ठेवलं, मोटरसकट ७१० ग्रॅम भरतंय. किटच्या कागदावर ५०० आहे. फिनच्या सांध्यात इपॉक्सीची जाड भर (फिलेट) दिली, त्याने शेपटी जड झाली, म्हणून नोजकोनमध्ये (टोकाच्या शंकूत) मातीचा गोळा घातला. वर रंगाचे तीन हात. रॉड ९० सेंमी.

काटकोन
मग ट्यूबला कशाला बोल लावता? डिले उडाल्यापासून मोजत नाहीत, इंधन जळून संपल्यापासून मोजतात. एफ१५ साधारण साडेतीन सेकंद जळते, म्हणजे इजेक्शन, पॅराशूट बाहेर फेकणं, साडेअकराव्या सेकंदाला. इतकं जड रॉकेट त्याच्या चारेक सेकंद आधीच माथ्यावर पोचून खाली सुटलं होतं. त्या वेगात पॅराशूटने हिसका दिला आणि कॉर्डने ट्यूब कापत नेली.

दुसरं म्हणजे जोर. सरासरी १५ न्यूटन, तुमचं वजन ७ न्यूटन. जोर वजनाच्या पाचपट धरतात, तुमच्याकडे जेमतेम दुप्पट. सुरुवातीला एफ१५ जवळपास २५ न्यूटन देते म्हणून निदान उडालं तरी. तरी रॉड सुटताना वेग सेकंदाला ७ मीटरच्या आसपास, हवा १३-१५. एवढ्या हळू निघालं तर वाऱ्याकडे तोंड वळवतं. तिरकं गेलं ना?

गुडघ्याला_बाशिंग
गेलं. मला वाटलं रॉड वाकडा लावला.

निवांत
जी४० लावा, ४० न्यूटन. प्रश्न मिटला.

डिंक
वजन तेच ठेवून मोटर वाढवायची? पुढच्या वेळी आणखी इपॉक्सी, मग आणखी माती. आधी फिलेट घासून कमी करा, मग गोळा कमी करा. दोरी लावून डोक्यावर गरगरा फिरवून बघा, नोजकोन पुढे राहतोय ना. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे निदान एका ट्यूबच्या व्यासाएवढा हवा.

भोचक
रंग स्प्रेचा की ब्रशचा?

काटकोन
ओपनरॉकेट या सॉफ्टवेअरमध्ये खरं वजन भरा आणि डिले त्यावरून निवडा. उडवायचंच असेल तर -४, आणि वारा पडल्यावर. शॉक कॉर्ड रॉकेटच्या तिप्पट लांब आहे ना?

गुडघ्याला_बाशिंग
दीडपट. वाढवतो. फिलेटही घासतो. पण गोळा काढायचा कसा? तोही आत इपॉक्सीनेच चिकटवलाय.