मदत हवी आहे: होम प्लेटवरील धडकेचा निर्णय पंचाने कोणत्या क्रमाने घ्यावा?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीमध्ये मुलांच्या बेसबॉल सामन्यांत मी स्वयंसेवक पंच म्हणून उभा राहतो. आमची स्थानिक स्पर्धा लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमांनुसार चालते आणि माझ्याकडे बहुधा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे सामने येतात. या मंचावर बेसबॉलचे पंच किंवा प्रशिक्षक असतील, तर त्यांच्याकडून मला एका विशिष्ट प्रसंगाबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

ज्यांना क्रिकेट ठाऊक आहे पण बेसबॉल फारसा परिचयाचा नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. क्रिकेटमध्ये धावबाद करताना यष्टिरक्षकाने बेल पाडली की काम होते, फलंदाजाच्या अंगाला हात लावावा लागत नाही. बेसबॉलमध्ये मात्र थर्ड बेसवरून (तिसऱ्या थांब्यावरून) होम प्लेटकडे (जिथे पोहोचल्यावर धाव मिळते) येणाऱ्या धावपटूला, फोर्स आउटचा (मागच्या खेळाडूमुळे पुढे सरकणे भाग पडण्याचा) प्रसंग नसेल तर, कॅचरला (प्लेटमागच्या, यष्टिरक्षकासारख्या खेळाडूला) चेंडूसह प्रत्यक्ष स्पर्श, म्हणजे टॅग, करावा लागतो. त्यामुळे पूर्ण वेगाने धावत येणारा एक खेळाडू आणि चेंडूकडे डोळे लावून उभा असलेला दुसरा खेळाडू एकाच जागेवर हक्क सांगतात, आणि धडकेचा धोका खेळाच्या रचनेतच येतो.

आता प्रसंग सांगतो. एक खेळाडू बाद, थर्ड बेसवर धावपटू. राइट फील्डमध्ये उंच उडालेला चेंडू झेलला गेल्यावर धावपटूने नियमाप्रमाणे बेस सोडला आणि तो होम प्लेटकडे धावला. चेंडू अजून हवेत असतानाच कॅचरने डावा पाय थर्ड बेसच्या रेषेवर ठेवला होता. फेक त्याच बाजूला वाहवत आली, म्हणून ती घेण्यासाठी तो आणखी एक पाऊल धावपटूच्या मार्गात सरकला. चेंडू त्याच्या ग्लव्हला लागला आणि त्याच क्षणी धावपटू, न घसरता (म्हणजे जमिनीवरून घसरत प्लेटकडे न जाता), उभ्यानेच त्याच्यावर आदळला. त्याने खांदा खाली घातला नव्हता, हातही पुढे केले नव्हते. चेंडू ग्लव्हमधून सुटला, दोन्ही मुले पडली, धावपटूने उठून प्लेटला हात लावला आणि मी त्याला सेफ (नाबाद) दिले. सुदैवाने कोणालाही दुखापत झाली नाही.

बचाव करणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की धावपटू घसरला नाही, म्हणजे तो बाद. दुसऱ्या संघाच्या पालकांचे म्हणणे असे की कॅचरने चेंडू नसताना वाट अडवली, म्हणून सेफ देणे योग्यच होते. दोन्ही बाजूंनी मेजर लीगच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या) नियमाचा हवाला दिला गेला. सेफ हा निर्णय योग्य होता असे मलाही वाटते, परंतु तो नेमका कोणत्या कारणाने योग्य ठरतो, हे पंचाला स्पष्ट सांगता आले पाहिजे. दोन्ही संघांतील मुले पंचाच्या तोंडून ऐकलेले कारण पुढच्या सामन्यात वापरतात, आणि चुकीचे कारण ऐकले तर त्यातूनच कोणाला तरी इजा होऊ शकते.

मी वाचलेले असे. मेजर लीगमध्ये दीर्घकाळ अशा धडका खेळाचा भाग मानल्या जात. 1970 च्या ऑल-स्टार सामन्यात पीट रोझने बाराव्या डावात रे फॉसीला धडकून विजयी धाव घेतली, तो प्रसंग आजही सांगितला जातो. 2011 च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोचा कॅचर बस्टर पोझी अशाच धडकेत जायबंदी झाला, त्याच्या पायाचे हाड मोडले आणि त्याचा तो हंगाम तिथेच संपला. त्यानंतर वाढत गेलेल्या चर्चेतून 2014 मध्ये 7.13 हा नियम आला, जो आता 6.01(i) या क्रमांकाने ओळखला जातो. त्याचे दोन भाग आहेत: धावपटूने थेट मार्ग सोडून कॅचरवर जाऊ नये किंवा टाळता येण्यासारखी धडक घडवू नये, आणि कॅचरने चेंडू हाती नसताना धावपटूची वाट अडवू नये. माझी अडचण अशी की आमच्या सामन्यात दोन्ही भागांना थोडा थोडा स्पर्श झाला होता. मग आधी कोणाकडे पाहायचे? फेकीमुळे कॅचर मार्गात ओढला गेला, तर त्याआधी रेषेवर ठेवलेल्या पायाचे काय? आणि या सगळ्यात पंचाने स्वतः कुठे उभे राहावे, म्हणजे पाय आणि ग्लव्ह दोन्ही दिसतील?

जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

प्रतिसाद

नमस्कार. आपला निर्णय योग्य आहे, परंतु त्यासाठी मेजर लीगच्या 6.01(i) चा आधार घेऊ नका, कारण आपला सामना त्या नियमाखाली नव्हता. लिटल लीगच्या नियमातील शब्द नीट पाहा. हातात चेंडू असलेला आणि टॅग करण्यासाठी वाट पाहत असलेला क्षेत्ररक्षक समोर असेल, तर धावपटूने घसरले पाहिजे किंवा त्याला वळसा घालण्याचा प्रयत्न केला पाहिजे. म्हणजे 'घसरलाच पाहिजे' असा सरसकट नियम नाही. आपल्या प्रसंगात चेंडू आणि धावपटू एकाच वेळी पोहोचले. कॅचर चेंडू घेऊन थांबलेला नव्हता, त्यामुळे प्रशिक्षकांनी सांगितलेले कारण लागू होत नाही. शिवाय या वयोगटात पुढच्या बेसकडे जाताना डोके पुढे करून घसरल्यास धावपटू बाद होतो, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर 'घसर' असे ओरडणारे पालक त्यांना भलत्याच संकटात टाकतील.

दुसऱ्या बाजूला, लिटल लीगमध्ये अडथळ्याची व्याख्या कडक आहे. चेंडू ताब्यात नसताना बेस, बेसलाइन किंवा होम प्लेट अडवून धावपटूची वाट रोखली, तर तो अडथळा. म्हणून क्रम असा ठेवा: चेंडू कोणाच्या ताब्यात होता, कॅचरमुळे धावपटूची गती किंवा दिशा खरोखर बदलली का, आणि शेवटी धावपटूने मुद्दाम अंगावर जाण्याची कोणती खूण दाखवली का. खांदा खाली करणे, हातांनी किंवा कोपरांनी ढकलणे, प्लेटला स्पर्श करण्याचा प्रयत्नच न करणे, या खुणा मेजर लीगच्या नियमाच्या टिप्पणीत दिल्या आहेत आणि मुलांच्या सामन्यातही त्या पंचाच्या नजरेला उपयोगी पडतात. आपल्या वर्णनात त्यांपैकी एकही नाही.

रेषेवरच्या पायाबद्दल मेजर लीगमधील दोन प्रसंग पाहण्यासारखे आहेत, कारण दोन्हींत आपल्यासारखाच झेल घेतल्यावर थर्ड बेसवरून धावपटू निघाला होता. 31 जुलै 2014 रोजी सिनसिनाटीचा झॅक कोझार्ट प्लेटवर आरामात बाद झाला होता, परंतु मायामीचा कॅचर जेफ मॅथिस चेंडू येण्याआधी मार्गात होता म्हणून सहा मिनिटांहून अधिक काळ चाललेल्या पुनरावलोकनानंतर निर्णय बदलला. त्यावर इतकी टीका झाली की सप्टेंबरमध्ये पंचांना खुलासा पाठवावा लागला: केवळ उभे राहण्याची जागा चुकली म्हणून सेफ देऊ नये, धावपटूला प्रत्यक्ष अडथळा झाला पाहिजे. तरीही 7 ऑगस्ट 2022 रोजी मिनेसोटाच्या गॅरी सांचेझने वाट अडवल्याचे ठरवून टोरोंटोच्या व्हिट मेरीफिल्डला सेफ देण्यात आले, आणि तीच धाव टोरोंटोच्या विजयात निर्णायक ठरली. माझ्या मते प्रत्यक्ष अडथळा पाहणे हेच बरोबर आहे, कारण धावपटू अजून बराच दूर असताना कॅचरचा पाय कुठे होता याने कोणाचेही नुकसान होत नाही.

फेकीच्या दिशेमुळे, उंचीमुळे किंवा टप्प्यामुळे कॅचर मार्गात आला, तर मेजर लीगमध्ये तो दोषी ठरत नाही. ही सवलत आपल्या सामन्यात गृहीत धरू नका. तिथे चेंडू ताब्यात होता की नव्हता, हाच प्रश्न निर्णायक ठेवा. आपल्या प्रसंगात चेंडू सुटल्यामुळे टॅग झालाच नाही आणि धावपटूने प्लेटला स्पर्श केला, म्हणून तो कोणत्याही मार्गाने सेफच होता. कॅचरला इतके मात्र जरूर सांगा की प्लेटच्या पुढे उभे राहून धावपटूला प्लेटची एक बाजू मोकळी ठेवायची आणि चेंडू हाती आल्यावरच वळून मार्गात यायचे.

उभे राहण्याबद्दल: एकाच जागी खिळून राहू नका. प्लेटच्या मागच्या टोकापासून सुरुवात करा, फेक कुठे वाहवत जाते ते पाहा आणि कॅचरच्या पाठीमागे न अडकता त्याच्या व धावपटूच्या मधली फट दिसेल त्या बाजूला सरका. चेंडू हवेत असताना एकदा कॅचरच्या पायांकडे पाहून घ्या, मग नजर ग्लव्हवर आणा. टॅगनंतर लगेच हात वर करू नका. चेंडू ग्लव्हमध्येच आहे ना, ते आधी पाहा.

मूळ लेखक

मनःपूर्वक आभार. शनिवारच्या सामन्यापूर्वी दोन्ही प्रशिक्षकांना प्लेटजवळ बोलावतो तेव्हा घसरण्याचा आणि वाट अडवण्याचा नियम त्याच शब्दांत वाचून दाखवीन. एक शंका राहिली: पुढच्या वर्षी मला हायस्कूलचे सामने मिळतील, तिथेही हाच क्रम चालेल का?

प्रतिसाद

तिथे एक मोठा फरक आहे. हायस्कूलच्या नियमांत द्वेषपूर्ण धडक अडथळ्यावर मात करते. कॅचरने चेंडू नसताना वाट अडवली असली, तरी धावपटू जाणूनबुजून त्याच्यावर आदळला तर धावपटू बाद ठरतो आणि त्याला सामन्यातून बाहेरही काढले जाते. त्यामुळे तिथे क्रम उलटा करा: आधी धडकेचा हेतू पाहा, मग चेंडूचा ताबा.