पूर दीड दिवसात ओसरतो, बुकिंग मात्र तीन आठवडे परत येत नाही: गोदाकाठच्या लॉजवाल्याने काय करावं?

पंचवटी_लॉज

नमस्कार मंडळी. नाशिकच्या रामकुंडापासून पाच मिनिटांवर १४ खोल्यांचं लॉज आहे, तळमजला आणि वर दोन मजले. खाली काउंटर, चार खोल्या, मीटरचा बोर्ड, पाण्याची मोटर आणि जमिनीखालची टाकी. दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, तिच्यावरूनच इथे पूर मोजतात) कमरेला पाणी लागलं की सामान वर चढवायचं, एवढंच आमचं पिढीजात नियोजन.

पण खरा मार पाण्याचा नाही. नारोशंकराच्या देवळापाशी पाणी आल्याची क्लिप एकदा फिरली की पुढचे दोन-तीन आठवडे फोन येतात ते फक्त रद्द करायला. तोवर घाट धुऊन स्वच्छ झालेला असतो.

प्रश्न तीन. हे नुकसान विम्यात बसतं का? घेतलेला ॲडव्हान्स परत करावा का, किती? आणि तळमजल्याची नेमकी तयारी काय करावी? २०२७ चा सिंहस्थही भर पावसाळ्यात आहे, २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबरला स्नानं, म्हणून आत्तापासून विचारतोय.

विमा_नाशिकरोड

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: तुमच्याकडे आहे त्या पॉलिसीत बहुतेक बसत नाही, आणि हे दावा फेटाळल्यावरच कळतं.

२०२१ च्या एप्रिलपासून छोट्या धंद्यांसाठी दोन ठरावीक पॉलिसी आल्या. एका ठिकाणची विमा रक्कम ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ५ ते ५० कोटी असेल तर भारत लघु उद्यम सुरक्षा. दोन्हींत वादळ, पूर, पाणी साचणं हे मूळ संरक्षणातच आहे. म्हणजे गाद्या, फर्निचर, मोटर, भिंती यांचं नुकसान भरून मिळेल. बुडालेला धंदा मात्र नाही.

त्यासाठी लॉस ऑफ प्रॉफिटची (बुडालेल्या नफ्याची) वेगळी पॉलिसी लागते, आणि खरी मेख तिच्यात आहे. आधी मालमत्तेचं नुकसान झालं पाहिजे आणि तो दावा मान्य झाला पाहिजे, त्यानंतरच नफ्याचा दावा उभा राहतो. तुमच्या लॉजला पाण्याचा थेंब लागला नाही, पण मुंबईकडचा कसारा घाट बंद आहे किंवा क्लिप पाहून गिऱ्हाईक घाबरलं, तर एक रुपया मिळणार नाही. जवळच्या परिसराचं नुकसान होऊन तुमच्याकडे यायचा रस्ताच बंद पडला, तर 'प्रिव्हेन्शन ऑफ ॲक्सेस' नावाचं वाढीव कलम घेता येतं. एजंट आपणहून ते सांगत नाही, मागावं लागतं. त्यातही अंतराची आणि दिवसांची मर्यादा असते, ती वाचूनच सही करा. नुसत्या भीतीपोटी रद्द झालेलं बुकिंग त्यातही बसत नाही.

दुसरी ठेच कमी रकमेच्या विम्याची. मालमत्ता १ कोटीची आणि विमा ६० लाखांचा असेल, तर १० लाखांच्या नुकसानीला ६ लाखच धरतात. वर सांगितलेल्या दोन पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढची नाही. दहा वर्षांपूर्वीची रक्कम तशीच पुढे ओढणाऱ्यांनी हे आज तपासा.

पाणी उतरल्यावर झाडू हातात घेण्याआधी मोबाइल घ्या. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी धरलेली मोजपट्टी, प्रत्येक वस्तूचा नंबर दिसेल असा फोटो. कंपनीला लगेच लेखी कळवा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. भिजलेल्या गाद्या विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत फेकू नका. वासामुळे ठेवता येत नसतील तर कंपनीला मेल करून एक नमुना राखा.

गिऱ्हाइकांच्या गाड्यांबद्दलही सांगून ठेवतो. गौरी पटांगणावर लावलेली गाडी पाण्यात गेली तर ती चालू करून बघायची नाही, टो करूनच हलवायची. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात येतं, पण चावी फिरवल्यामुळे इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला तर 'इंजिन प्रोटेक्ट' हे वाढीव कलम नसल्यास कंपनी हात वर करते. काउंटरवर मोठ्या अक्षरांत हे लिहून लावा.

धरण_आणि_नदी

कमरेला पाणी येईपर्यंत थांबणं म्हणजे उशीरच. दुतोंड्या मारुती कालची-आजची तुलना करायला उत्तम, पण तो आधी सूचना देत नाही.

दोन आकडे रोज बघायचे: गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग, आणि होळकर पुलाखालून वाहणारा विसर्ग. दोन्ही क्युसेकमध्ये असतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. लोक फक्त पहिला आकडा बघतात आणि फसतात. धरणाच्या खालच्या भागात पडलेला पाऊस, शहरातले नाले, गटारींचं पाणी हे सगळं रामकुंडापर्यंत येतं आणि त्यावर कुठलाही दरवाजा नाही. होळकर पुलाचा आकडा धरणाच्या आकड्यापेक्षा बराच मोठा दिसला, तर शहरातला पाऊसच नदी चढवतोय असं समजा. वाघाडी पंचवटीतच मिळते, नासर्डी पुढे टाकळीला. म्हणून नासर्डीला पूर म्हणजे रामकुंडाला पूर असं नाही. टीव्हीवाले दोन्ही एकत्र दाखवतात ते सोडा.

महिनाही बघा. जुलैच्या सुरुवातीला धरणात जागा असते, मोठा पाऊस पोटात मावतो. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरला धरण भरत आलेलं असतं, त्यामुळे धरणाच्या वरच्या अंगाला त्र्यंबक-अंबोलीकडे पडलेलं पाणी जवळपास तसंच खाली सोडावं लागतं. २०१६ आणि २०१९ चे पूर ऑगस्टच्या सुरुवातीचे, २००८ चा सप्टेंबरातला. सिंहस्थाच्या तारखांशेजारी हे मांडून बघा.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात 'नाशिक' आणि 'नाशिक घाट' असे दोन वेगळे रकाने असतात. घाटाला ऑरेंज आणि शहराला यलो, हे पावसाळ्यात नेहमीचं. २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. गिऱ्हाइकाने 'नाशिकला रेड अलर्ट' म्हणून फोन केला की कुठला रकाना ते आधी विचारा. इशारे देणारं सरकारी 'सचेत' ॲप टाकून ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७.

वायरमन_गंगापूररोड

तळमजल्याचं मी सांगतो.

मीटर आणि मेन बोर्ड पहिल्या मजल्याच्या जिन्यावर न्या. मीटर हलवायचं काम महावितरणकडे अर्ज करूनच, परस्पर नाही. तळमजल्याचं सर्किट वेगळ्या आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणारा स्विच) घ्या, म्हणजे खाली पाणी शिरलं तर तेवढंच बंद होईल आणि वरच्या दहा खोल्या चालू राहतील. खालच्या खोल्यांत वायर छतातून खाली आणा, जमिनीतून वर नको. बोर्ड छातीच्या उंचीला.

मोटर मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) असेल तर दोन्ही बाजूंच्या पाइपला युनियन (खोलता येणारा जोड) बसवा आणि फाउंडेशनचे बोल्ट दरवर्षी मे महिन्यात ग्रीस लावून सैल करून बघा. गंजलेले चार बोल्ट ऐनवेळी निघत नाहीत म्हणून मोटर बुडते, नाहीतर उचलायचं काम दहा मिनिटांचं आहे. सबमर्सिबल असेल तर मोटर पाण्यात राहू द्या, स्टार्टर पॅनल तेवढं वर हवं.

बुडालेली मोटर उन्हात वाळवून लगेच लावू नका. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) १ मेगाओमच्या खाली रीडिंग असेल तर चालू करायची नाही. वाइंडिंग सुकवून परत मोजायचं. बेअरिंगमध्ये गाळ गेलेलाच असतो, ती बदलाच.

आणि पाणी दारातून येण्याआधी संडासातून येतं, हे कुणी लक्षात घेत नाही. नदी चढली की गटार उलटं वाहतं. शेवटच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा, तळमजल्याच्या कमोडवर आणि जाळ्यांवर वाळूची पोती दाबा.

पंचवटी_लॉज

संडासाचं अगदी खरं आहे, पाणी तिथूनच आधी दिसतं. बोल्टचंही मनावर घेतो. ॲडव्हान्सबद्दल कुणी सांगेल का? सध्या 'नो रिफंड' छापलंय, त्यावरून काउंटरवर रोज वाद होतात.

सहल_संयोजक_नाशिक

'नो रिफंड' छापून फायदा नाही. रस्ता बंद असताना पैसे दाबून ठेवले तर ग्राहक आयोगात बाजू लंगडी पडते, आणि रिव्ह्यूत जे लिहिलं जातं ते दीडएक हजाराच्या ॲडव्हान्सपेक्षा महाग पडतं. नियम कुणालाही तपासता येईल अशा खुणेला बांधा:

– प्रशासनाने रस्ता किंवा ठिकाण बंद केलं, अथवा रेल्वेने गाडी रद्द केली: पूर्ण परतावा.
– प्रवासाच्या दिवशी 'नाशिक' रकान्यात ऑरेंज किंवा रेड: तारीख बदल मोफत, १२ महिन्यांत कधीही.
– नुसती भीती: तारीख बदल मोफत, परतावा निम्मा.

बहुतेक लोक तारीख बदलतात, कारण त्यांना यायचं असतंच. बिल अजून केलं नसेल तर जीएसटीत परत दिलेल्या ॲडव्हान्सचं रिफंड व्हाउचर करा, बिल झालं असेल तर क्रेडिट नोट.

गिऱ्हाईक वेगवेगळं ओळखा. त्र्यंबकला नारायण नागबळीच्या पूजेला येणारं कुटुंब मुहूर्त घेऊन तीन दिवसांसाठी येतं. ते रद्द करत नाही, फार तर पुढचा मुहूर्त घेतं. श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा पावसातच होते. पहिने, दुगारवाडीच्या धबधब्यांना येणारा मुंबईचा शनिवार-रविवारवाला मात्र एका क्लिपने गायब होतो, आणि तो थांबला तर बरंच: दुगारवाडीचा ओढा वर पाऊस पडला की बघता बघता चढतो, खाली ऊन असलं तरी. तिथे जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघते) की आदेशाचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा आणि सोबत काय उघडं आहे तेही लिहा. म्हणून पावसाळ्यातल्या जाहिरातीत धबधबे टाकू नका, पूजा आणि दर्शनाचं गिऱ्हाईक धरा.

गाड्यांचं एक. कसारा-इगतपुरी घाटात दरड पडली की लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे-दौंड-मनमाड किंवा वसई-सुरत-जळगाव मार्गे वळवतात. दोन्ही मार्गांत नाशिकरोड येतच नाही. गाडी 'चालू' दिसते, पण गिऱ्हाईक मनमाडला उतरतं. रेल्वेने गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, खिडकीवरच्या तिकिटाचे तीन दिवसांत जाऊन घ्यावे लागतात. रस्त्याने मात्र जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू आहे, बोगद्यातून, त्यामुळे जुना घाट बंद असला तरी मुंबईकर पोचतो. हे फोनवर सांगायला काउंटरच्या पोराला शिकवा. निम्मे रद्दचे फोन 'रस्ता आहे का हो?' याच शंकेचे असतात.

दूरची भीती जवळ लागते, हा या धंद्याचा स्वभावच आहे. ३० जुलै २०२४ ला दरड कोसळली वायनाडमधल्या मुंडक्काई-चुरलमला भागात, बुकिंग रद्द झालं अख्ख्या जिल्ह्याचं. नेपाळात २०१४ ला सुमारे ७.९ लाख परदेशी पर्यटक आले होते. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर त्या वर्षी ५.४ लाख. त्यात पुढे झालेल्या सीमेवरच्या कोंडीचाही वाटा होता. २०१६ ला आकडा परत साडेसात लाखांवर गेला. अन्नपूर्णाकडच्या वाटा फारशा बिघडलेल्या नसतानाही तिकडचे हॉटेलवाले रिकामे बसले. वेळ भरून निघते, पण तोपर्यंत पगार चालू राहतात. तेव्हा दोन महिन्यांचे पगार आणि वीजबिल बाजूला ठेवूनच जूनमध्ये शिरायचं.

रोज सकाळी त्याच जागेवरून, तारखेची पाटी दिसेल असा, घाटाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ टाका. जुनी क्लिप फिरू लागली की तोच उत्तर म्हणून पाठवायचा.

निफाडकर

पावसाळाच कशाला? नोव्हेंबर २०२३ अखेर आमच्याकडे द्राक्षबागांवर गारा पडल्या. मणी तडकला की आठ दिवसांत घड सडतो, मग जानेवारी-मार्चमध्ये तोडणी बघायला येणाऱ्यांना काय दाखवणार? ज्या बागांत पर्यटकांची सोय आहे त्यांनी एखाद एकरावर तरी प्लॅस्टिकचं आच्छादन टाकावं, पाहुण्यांना दाखवायला तेवढी बाग पुरते. खर्च मोठा आहे, सगळ्या बागेवर सरसकट जमत नाही.

पंचवटी_लॉज

सगळ्यांचे आभार. आता शेवटची शंका: टाकीत पुराचं पाणी शिरलं तर किती ब्लीचिंग पावडर?

वायरमन_गंगापूररोड

वायरिंगवाल्याला विचारताय, पण पंप आमच्याकडेच असतो म्हणून सांगतो. आधी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती घासा. मग स्वच्छ पाणी भरून १०,००० लिटरला २ किलो पावडर, २५ टक्के क्लोरीनची धरून. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, निवळी ओता, खालचा चुना टाकून द्या. त्याच पाण्याने सगळे नळ वास येईपर्यंत सोडा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी सगळं काढून टाका आणि नवं पाणी भरा. पावडर मागच्या वर्षीची उघडी पडलेली असेल तर जोर गेलेला असतो, नवं पाकीट आणा. टाकीत माणूस उतरवण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, आणि वर एक जण दोर धरून उभा पाहिजे.

भिंतींचा रंग या वर्षी राहू द्या. दिवाळीआधी घाईने डिस्टेंपर मारला की होळीपर्यंत पापुद्रे सुटतात.