जीपीएस गाडीचा हिशेब ठेवतं, माणसाचा नाही

'ट्रकला जीपीएस असताना ड्रायव्हरच्या तासांची वेगळी नोंद कशाला?' हा प्रश्न वाजवी आहे. पण दोघं ड्रायव्हर आलटून पालटून चालवत असतील, तर गाडी पळतच राहते. स्टिअरिंगवर कोण किती वेळ होता, हे जीपीएसला कुठून कळणार?

युरोपात यासाठी गाडीत टॅकोग्राफ (चालवण्याचे तास नोंदवणारं यंत्र) असतो. पूर्वी त्यात मेणाचा थर दिलेली कागदी तबकडी असायची. ती 24 तासांत एक फेरी पूर्ण करायची आणि सुया तिच्यावर वेग, अंतर, काम, विश्रांती कोरत जायच्या. मे 2006 पासून नव्या गाड्यांत तो डिजिटल झाला आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचं कार्ड मिळालं. ट्रक बदलला तरी तास कार्डासोबत जातात. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. (गिअरबॉक्सच्या सेन्सरला चुंबक चिकटवून धावती गाडी 'उभी' दाखवणारे महाभाग तिथेही निघालेच!)

अमेरिकेत बरीच वर्षं कागदी लॉगबुकावर भागत होतं. डिसेंबर 2017 पासून बहुतेकांना इंजिनाला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं. मालवाहू ट्रक जास्तीत जास्त 11 तास चालवता येतो, तोही ड्युटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आत. खरी मेख इथे आहे. गोदामात माल भरायला चार तास खोळंबा झाला, तरी ते 14 तासांचं घड्याळ सहसा थांबत नाही. मग उरलेल्या वेळात घाई कोण करणार? ड्रायव्हरच. यंत्र फक्त तास मोजतं, गोदामवाल्याला जाब विचारत नाही.