टाउन्स व्हॅन झँट यांची ह्यूस्टनची मैफल

प्रश्न (वाशी): वाशी-ठाणे लोकलमध्ये महिनाभर मी टेक्सासचे गीतकार-गायक टाउन्स व्हॅन झँट यांचे ह्यूस्टनच्या ‘ओल्ड क्वार्टर’ या लहानशा बारमध्ये जुलै १९७३ मध्ये मुद्रित झालेले आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेले गायन ऐकत आहे. एक गिटार, एक आवाज आणि उकाड्यात बसलेले श्रोते, कारण वातानुकूलन यंत्र बंद असल्याचे आरंभीच सांगितले जाते. असा कलावंत एवढा अपरिचित कसा राहिला?

उत्तर (नौपाडा, ठाणे): अपरिचित ते राहिले, त्यांचे गाणे नव्हे. ‘पँचो अँड लेफ्टी’ १९८३ साली विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड यांच्या आवाजात अमेरिकेच्या कंट्री (ग्रामीण वळणाच्या) संगीताच्या लोकप्रियता-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. डाकू पँचो मेक्सिकोत मारला जातो, त्याच दिवशी त्याचा साथीदार लेफ्टी ओहायोकडे निघतो, आणि प्रवासाचे पैसे त्याला कोठून मिळाले हे कोणालाच ठाऊक नसते; दगाफटका हा शब्द न उच्चारता कवी सारे सुचवून जातो.

उत्तर (नेरुळ): १९६८ चा पहिला संग्रह वाद्यमेळाच्या गर्दीने इतका झाकोळला, की त्यातील काही गाणी त्यांनी पुढे साधेपणाने पुन्हा मुद्रित केली. गडकरी रंगायतनमध्ये आपण निवेदक वेगळा पाहतो (आणि कधी कधी त्याला सोसतोही). ‘ओल्ड क्वार्टर’च्या या मैफलीत मात्र गाण्यांच्या मधे विनोद सांगणारा आणि लगेच काळजात कळ उठवणारा माणूस एकच आहे.

प्रश्नकर्ता: विनोद मी घाईने पुढे सरकवत होतो; आज परतीच्या गाडीत तेही ऐकेन.