कॉर्नेलिया सोराबजी : स्त्रियांच्या वकील की साम्राज्याच्या?

चर्चाप्रस्ताव

नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव आपल्याकडच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात क्वचितच येते, आणि ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते. ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा १८९२ ची. पण विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देतच नसल्यामुळे ती हाती पडायला १९२२ साल उजाडले. मुंबईची एलएल.बी. आणि अलाहाबादची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही सनद नाकारली गेली, तेव्हा १९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये (अल्पवयीन वा असमर्थ वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात) पडदानशीन, म्हणजे पडद्यात राहणाऱ्या, जमीनदार स्त्रियांचे काम हाती घेतले. परपुरुषासमोर येऊ न शकणाऱ्या विधवेला कारभारी सांगेल तोच इस्टेटीचा हिशेब मानावा लागे. कॉर्नेलियाबाई मात्र थेट जनान्यात जाऊन तिचे म्हणणे ऐकत. अशा सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांना त्यांनी साहाय्य केले.

प्रतिसाद १

उपेक्षा अकारण नाही. अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो यांच्या १९२७ च्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने साऱ्या देशाची बदनामी केली, तेव्हा मेयोंची पाठराखण करणाऱ्या मोजक्या भारतीयांत या बाई होत्या आणि गांधीजींच्या चळवळीलाही त्यांचा उघड विरोध होता. त्याउलट मुंबईच्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन १९१९ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लंडनला जाऊन झगडल्या. मिठनबाई पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकीलही झाल्या. एकेका विधवेची इस्टेट वाचवणे हे परोपकाराचे काम आहे. हक्कांची लढाई म्हणजे पडद्याची व्यवस्थाच मोडणे, आणि ते कॉर्नेलियाबाईंनी कधी मनावर घेतले नाही.

प्रतिसाद २

एक भर घालतो. स्त्रियांना वकिलीचे दार १९२३ च्या कायद्याने उघडले, त्याचे श्रेय एकट्या कॉर्नेलियाबाईंना देता येणार नाही. कलकत्त्यात १९१६ मध्ये रेजिना गुहा आणि पाटण्यात १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचे अर्ज न्यायालयांनी फेटाळले, म्हणूनच हा प्रश्न कायदेमंडळापर्यंत पोचला.

प्रस्तावकाचे उत्तर

गुहा आणि हाजरा यांचे श्रेय निर्विवाद आहे. मेयोंची पाठराखण मलाही असमर्थनीय वाटते आणि कॉर्नेलियाबाईंच्या चरित्रातून ती वगळावी असे मी म्हणणार नाही. परंतु ‘परोपकार’ हा शब्द मला मान्य नाही. दत्तकाचा वाद, पोटगी, अल्पवयीन वारसाचे पालकत्व हे सारे कायद्याने दिलेले हक्कच होते, आणि ते बजावायला त्या स्त्रियांकडे दुसरे कोणीही नव्हते. पडदा मोडेपर्यंत त्यांनी कारभाऱ्याच्या मर्जीवर राहायचे होते काय? स्वतः बाईंना सनद मिळाली तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या, आणि त्यानंतरही कलकत्त्यात त्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष युक्तिवादापेक्षा लेखी अभिप्राय तयार करण्याचेच काम अधिक आले.