भाजलेल्या भाज्यांचं ग्रिल्ड चीज: खालची स्लाइस ओली का होते?

बी-२०४: सोसायटीच्या ग्रुपवर खाण्याचा प्रश्न विचारतेय, माफ करा. भाज्या ओव्हनमध्ये भाजून, चीज घालून तव्यावर सँडविच केलं तर बाहेरून रंग झकास येतो. पण कापलं की खालची स्लाइस ओलीगच्च आणि चीज धड वितळलेलं नाही. ब्रेड बदलायचा का?

सी-७०१: ब्रेडचा काही दोष नाही, हे भाजीतलं पाणी. झुकिनीत जवळपास ९५ टक्के पाणी असतं, वांगं आणि भोपळी मिरचीत ९२च्या आसपास. ते ओव्हनमध्ये उडालं नाही तर ब्रेडमध्ये उतरणारच. भाज्या कोणत्या आणि किती तापमानाला भाजल्या?

बी-२०४: झुकिनी, मिरची, कांदा, मशरूम. १८० अंश, २० मिनिटं. एकाच ट्रेमध्ये सगळं.

सी-७०१: मग त्या भाजल्याच नाहीत, उकडल्या. पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. तांबूस रंग आणि खमंगपणा यायला साधारण १४०च्या पुढे जावं लागतं. ट्रे खच्चून भरला की वाफ कापांमध्येच कोंडते.

चार सँडविचसाठी ५०० ग्रॅम कच्च्या भाज्या घ्या, भाजून निम्म्याच्या आसपास उरतात. तेल दीड टेबलस्पून, मीठ अर्धा टीस्पून. ओव्हन २२० अंश, ओव्हनमधला पंखा चालू असेल तर २००. ट्रे रिकामाच आत ठेवून तापवायचा, म्हणजे भाजी टाकताच चर्र आवाज येतो. एकच थर, कापांमध्ये बोटभर फट. एका ट्रेत मावत नसेल तर दोन ट्रे. १५ मिनिटांनी उलटायचं, आणखी १० ते १५ मिनिटं. घड्याळापेक्षा कडा बघा, त्या तपकिरी झाल्या पाहिजेत.

ए-१०२: काकू, कापायचं केवढं?

सी-७०१: झुकिनीच्या पाऊण सेंटिमीटर जाडीच्या चकत्या. मिरचीच्या २ सेंटिमीटर रुंद पट्ट्या, कांद्याच्या १ सेंटिमीटरच्या फोडी, मशरूम अर्धे. वांगं घेत असाल तर १ सेंटिमीटरच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवा, मग फडक्याने दाबून पुसा आणि वरून पुन्हा मीठ घालू नका. लसूण बारीक चिरून घातला तर २२० अंशांवर करपून कडू होतो. अख्ख्या पाकळ्या सालासकट भाजा, नंतर पिळून तो गर ब्रेडला आतून लावा.

डी-३०५: पाण्याच्या टाकीचं काय झालं? निरोप नाही कुणाचा.

ए-१०२: काका, ते मेंटेनन्सच्या ग्रुपवर. इथे झुकिनीच्या पाण्याचं चाललंय.

बी-६०२: ओव्हन नसेल तर?

ए-४०१: जाड तवा किंवा बिडाचा पॅन. मोठ्या आचेवर, दोन टप्प्यांत, झाकण न ठेवता. भाजी टाकल्यावर दोन-तीन मिनिटं हलवायची नाही. सारखं उलथनं फिरवलं तर रंग येत नाही. मशरूमना मीठ शेवटी. एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, पण बास्केट अर्धीच भरा, आणि मध्ये एकदा हलवा.

आणि भाजून झाल्यावर भाज्या वाडग्यात ढीग करून ठेवू नका. गरम ढिगातून पुन्हा पाणी सुटतं. पसरूनच १० मिनिटं निवू द्या.

बी-२०४: पाण्याचं कळलं. चीज का वितळत नाही?

ए-४०१: आच मोठी असणार. ब्रेड दोन मिनिटांत लाल होतो आणि उष्णता मध्यापर्यंत पोचतच नाही. त्यात चीज फ्रिजमधून थेट काढलेलं. अर्धा तास आधी बाहेर काढा आणि किसूनच घाला, जाड काप नकोत. एका सँडविचला ५० ते ६० ग्रॅम. माझं प्रमाण दोन भाग चेडार, एक भाग मोझरेला: चव चेडारची, तार मोझरेलाची. नुसता मोझरेला फिका लागतो. फार जुनं, मुरलेलं चेडार एकटं वापरू नका, गरम झालं की तेल सोडतं आणि रवाळ होतं. प्रोसेस्ड चीज फाटत नाही, कारण त्यातले क्षार पाणी आणि स्निग्धांश एकत्र धरून ठेवतात. त्याची एक स्लाइस मिसळली तरी फरक पडतो. फेटा नुसता मऊ होतो, त्यावर विसंबू नका.

सी-७०१: आणि रचना! चीज दोन्ही बाजूंना, भाजी मधोमध. ब्रेड, निम्मं चीज, ६० ग्रॅम भाजी, उरलेलं चीज, ब्रेड. वितळलेलं चीज ओल अडवतं आणि दोन्ही स्लाइस भाजीला धरून ठेवतं. चीज एकाच बाजूला असलं की पहिल्याच घासाला सगळं घसरतं. भाजी ६० ग्रॅमच, मोह आवरा. कडेला १ सेंटिमीटर मोकळा सोडा.

ए-१०२: बाहेरून लोणी की मेयोनीज? घरात दोन पक्ष आहेत.

ए-४०१: मेयो. थंडसुद्धा पातळ पसरतो, रंग एकसारखा येतो, चटकन करपत नाही.

सी-७०१: चवीला लोणीच. मेयोचा रंग देखणा, पण तो लोण्याचा वास कुठून आणणार? लोण्यात साधारण १६ टक्के पाणी आणि थोडा दुधाचा घन भाग असतो, तो आधी करपतो. म्हणून आच मंद हवी. मऊ लोणी ब्रेडलाच लावा, एका स्लाइसला एक टीस्पून, पार कडेपर्यंत. पॅनमध्ये टाकलं तर ब्रेड एकीकडे पितो आणि दुसरीकडे कोरडा राहतो.

ए-४०१: बरं, बाहेर लोणी आणि त्यावर मेयोचा अगदी पातळ हात. भांडण मिटलं.

सी-७०१: मिटलं नाही, पण चालेल 😄

बी-२०४: आता तव्यावर किती वेळ?

ए-४०१: मध्यम-मंद आच. पहिली बाजू ४ मिनिटं, त्यातली पहिली २ झाकण ठेवून, म्हणजे वरून ऊब मिळते. मग झाकण काढा, नाहीतर वाफेने ब्रेड लुसलुशीत पडतो. उलटून ३ मिनिटं, झाकणाशिवाय. उलथन्याने हलकं दाबा, फक्त ब्रेड तव्याला टेकण्यापुरतं. ब्रेड सव्वा सेंटिमीटर जाड, शक्यतो कालचा. मोठ्या छिद्रांचा सावरडो (आंबवलेल्या पिठाचा ब्रेड) दिसायला छान, पण चीज छिद्रांतून गळून तव्यावर जळतं.

बी-६०२: सँडविच मेकर चालेल? तो दाबतो ना.

सी-७०१: चालेल, पण त्याचा दाब भाजीतलं उरलंसुरलं पाणी पिळून काढतो. भाजी कमी घ्या, ४० ग्रॅम, आणि टोमॅटो अजिबात नको. टोमॅटो हवाच असेल तर अर्धे कापून, बिया काढून, वेगळे १५० अंशांवर तासभर सुकवायचे. बाकीच्या भाज्यांबरोबर टाकले की सगळ्यांना भिजवतात.

ए-१०२: भाज्या आदल्या दिवशी करून ठेवल्या तर?

ए-४०१: बंद डब्यात, फ्रिजमध्ये ३ दिवस. भाजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. डब्याच्या तळाशी कागदी रुमाल घाला. वापरण्याआधी कोरड्या तव्यावर २ मिनिटं परतून घ्या, थंड भाजी घातली तर चीज पुन्हा अर्धकच्चं.

बी-२०४: आज रात्री करते. कापून लगेच वाढू ना?

सी-७०१: दोन मिनिटं थांब, आणि ताटात ठेवू नकोस, जाळीवर ठेव. ताटात वाफ खाली कोंडते आणि तीच स्लाइस परत ओली होते, जिच्यासाठी एवढं रामायण झालं. दातेरी सुरी घे.