मदत हवी आहे: एडिटिंगच्या आधीचा आणि नंतरचा फोटो कसा ताडून पाहता?

मंडळी, लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो) एडिट करताना बॅकस्लॅश दाबून मूळ फोटो बघितला की तो इतका मलूल दिसतो की आपण केलेलं काहीही भारीच वाटतं! पण ही तुलना खरी म्हणायची का? कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपेगवर कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग आधीच चढवलेलं असतं, रॉवर नसतं. मग 'आधीचा' म्हणून तुम्ही कोणता धरता? मला तरी जेपेगच बरा वाटतो.

खरी अडचण वेगळीच आहे. डोळे फार पटकन सरावतात. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा पिवळा-निळा तोल) हळूहळू पिवळ्याकडे सरकवत गेलं की कपाळ नारिंगी झालेलं कळतसुद्धा नाही. सावल्या उजळल्यावर केसांच्या कडेला पांढुरकी रेघ उमटते, तीही दोन फोटो शेजारी-शेजारी लावून दिसत नाही, १०० टक्के झूम केल्यावरच दिसते.

तर, दोन्ही शेजारी ठेवता की एकाच जागी आलटून-पालटून बघता? हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) कितपत विसंबता? आणि स्क्रीनचा ब्राइटनेस किती ठेवता? ('ज्याची त्याची आवड' हे उत्तर नको, प्लीज!)